डोंगरावरचं अकरा मीटर पाणी

कारिबा सरोवराकाठच्या बोट-यार्डात बुधवारी दुपारी शंभर-सव्वाशे माणसं एका टेबलाभोवती गोळा झाली होती. ऑक्टोबरचं ऊन असं की पत्र्याला हात लागला तर फोड यावा, तरी सावलीत जायला कुणी तयार नव्हतं. टेबल कोरडं ठणठणीत. सरोवराचं पाणी तिथून दोनशे पावलांवर, तेही लागोपाठ दोन वर्षं पावसाने पाठ फिरवल्यामुळे आणखी खाली गेलेलं. आणि त्या कोरड्या टेबलावर ठेवलेल्या मासे शोधायच्या यंत्राच्या पडद्यावर मासे पोहत होते.

एखाददुसरा नव्हे, थवेच्या थवे. खाली तपकिरी तळ सरकत होता, वर निळं पाणी, मधूनच एखादा गलेलठ्ठ मासा उजवीकडून येऊन डावीकडे निघून जात होता. कडेला खोलीचा आकडा होता, अकरा मीटर. यंत्राला बॅटरी जोडलेली होती, बाकी काही नाही. नावेच्या बुडाला बसवलेली वायर जिथे खोचतात, तिथे पांढऱ्या कापडाची एक पुरचुंडी बांधली होती.

"वायर कुणाला लागते?" टेबलामागून प्रॉफेट एलिशामाने विचारलं. पायघोळ पांढरा झगा, हातात काठी, आणि आवाज असा की लाउडस्पीकरवाल्याचा धंदा बसावा. "जाळं उजवीकडे टाका असं प्रभूने पीटर कोळ्याला सांगितलं, तेव्हा नावेखाली वायर सोडली होती का? सांगा."

सोडली नव्हती, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. लोकांनी माना डोलावल्या.

मग प्रॉफेटने समजावून सांगितलं. पुरचुंडीत सरोवराच्या तळाचा खडा आहे, त्यावर चाळीस दिवस प्रार्थना झाली आहे. पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात प्रॉफेटचा फोटो असलेला स्टिकर लावायचा, म्हणजे आत्म्याला आपलं यंत्र कुठलं ते कळतं. आत्म्यालाही पत्ता लागतो, असं दिसतं. टेबलावर लोकांनी आणलेली अशी पाच यंत्रं होती आणि प्रॉफेट एका वेळी एकच सुरू करत होता. एक बंद करायचा, मग दुसऱ्यावर हात ठेवायचा. आत्मा गर्दीत काम करत नाही, असं त्याचं म्हणणं.

मागच्या शेडच्या दारात जायरोस मुदेंदा हे सगळं बघत उभा होता. वय एकसष्ट, धंदा फिटरचा. कारिबाच्या हौशी लोकांच्या बोटींवर दिशा दाखवणारी, खोली सांगणारी, मासे हुडकणारी यंत्रं बसवण्यात त्याची तीस वर्षं गेली होती. ह्या तीस वर्षांत त्याने माशांकडे आपोआप वळणाऱ्या काठ्या पाहिल्या होत्या, मंतरलेले गळ पाहिले होते, टायगर माशाला झोप आणणारं तेल पाहिलं होतं. प्रत्येक वेळी तो तोंड उघडायचा, प्रत्येक वेळी लोक त्याच्यावर चिडायचे, आणि काठी मोडली की वाकडं तोंड करून यंत्र दुरुस्तीला त्याच्याकडेच यायचे. आता त्याला ह्या सगळ्याचा कंटाळा आला होता. आजचा प्रकार मात्र त्यालाही कळेना. तो पुढे गेला आणि वाकून त्याने टेबलाखाली बघितलं. लपवलेली वायर नव्हती.

"बघ, फिटर, नीट बघ," प्रॉफेट म्हणाला. "सुईण बघते तसा वाकून बघ. काही हाताला लागलं तर आम्हालाही सांग."

लोक खो खो हसले. जायरोस कंबर धरून उठला आणि तेव्हा त्याचं लक्ष टेबलावरच्या तिसऱ्या यंत्राकडे गेलं. त्याच्या कडेला ओरखडा होता. यंत्र बसवताना त्याच्याच हातून पडलेला तो. यंत्र हेडमास्तर एफियास मातांगांचं होतं.

हेडमास्तर आणि जायरोस एकमेकांचे साविरा. साविरा म्हणजे नुसता दोस्त नव्हे. साविराला आपल्याला चारचौघांत गाढव म्हणायची मुभा असते आणि आपण ते गोड मानून घ्यायचं असतं. घरोघरी पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही सोयरीक, तिच्यात शिक्षण आडवं येत नाही. म्हणून सातवी शिकलेल्या जायरोसने चौतीस वर्षं गणित शिकवलेल्या माणसाला खुशाल मूर्ख म्हणावं आणि हेडमास्तरांनी त्यावर खळखळून हसावं, असं कायम चालत आलेलं.

मार्चमध्ये हेडमास्तरांची बायको फेलिस्तस गेली. डोंगरावरच्या वसाहतीत त्यांचं घर, तिथून सगळं सरोवर दिसतं. "तीस वर्षं नुसतं वरून बघतेय, एकदा त्याच्यावरून फिरवा तरी," असं ती म्हणायची, आणि हेडमास्तर म्हणायचे, रिटायर झाल्यावर. ते रिटायर झाले आणि ती अंथरुणाला खिळली. ती गेल्यावर दोन महिन्यांनी त्यांनी एक जुनी पंधरा फुटी बोट विकत घेतली. कशाला, ते कुणी विचारलं नाही.

यंत्र कुठलं घ्यावं हे विचारायला ते जायरोसकडेच आले होते. हातात कापून ठेवलेल्या जाहिराती होत्या. मोठा पडदा, बाजूचं दाखवणारं, खालचं दाखवणारं, आपोआप नाव चालवणारं, रंग तर इतके की डोळे दिपावेत.

"मास्तर, यंत्राला तीन प्रश्न विचारायचे, ह्याच क्रमाने," जायरोसने सांगितलं होतं. "माझ्या खाली पाणी किती? मी कुठे आहे आणि घर कुठे? आणि सगळ्यात शेवटी, मासे कुठे. मासे नाही सापडले तर बाजारात मिळतात. पाणी बाजारात मिळत नाही."

मोठा पडदा त्याने घेऊ दिला नव्हता. हेडमास्तरांना चष्मा लागतो, तर आकडा मोठा दिसेल असं साधं यंत्र त्याने सुचवलं. कारिबातल्या निम्म्या बोटींवर तेच होतं, कारण ते स्वस्त होतं, दणकट होतं आणि जायरोस सगळ्यांना तेच सांगायचा. नकाशावर फार भिस्त ठेवू नका, हेही त्याने बजावलं होतं. नकाशा काढला तेव्हा सरोवर काठोकाठ भरलेलं होतं. धरण बांधलं तेव्हा जंगलच्या जंगल पाण्याखाली गेलं, ती झाडं अजून उभी आहेत, आणि आता पाणी उतरल्यावर त्यांची टोकं वर आली आहेत. नकाशात तिथे निळा रंग आहे, खाली मात्र लाकूड आहे. बोट फुटली तर पोहत यायचा प्रश्न नाही, कारण मगरी काही प्रॉफेटचं ऐकत नाहीत.

हेडमास्तरांनी हे सगळं वहीत लिहून घेतलं होतं. जायरोसने स्वतःच्या हाताने यंत्र बसवलं होतं, बुडाला त्याचा कान बसवला होता. त्या वायरीच्या टोकाशी असलेल्या साबणाच्या वडीएवढ्या वस्तूला तो कान म्हणायचा. आणि आता ते यंत्र कानाशिवाय टेबलावर बसून मासे दाखवत होतं.

गर्दी पांगल्यावर त्याने हेडमास्तरांना गाठलं. मागच्याच गुरुवारी केताई नावाच्या बोटवाल्याने पुरचुंडी बांधून पाहुण्यांना नेलं होतं आणि बुडालेल्या झाडावर इंजिनाचा पंखा मोडून घेतला होता. चार तास पाणी नेईल तिकडे वाहत होता बिचारा. प्रॉफेट म्हणाला, तू निघायच्या आधी बिअर प्यालास. केताई प्याला होता हे खरं. पण तो गेली वीस वर्षं रोज पीत होता आणि पंखा आत्ताच मोडला होता. हे सगळं जायरोसने हेडमास्तरांपुढे मांडलं.

हेडमास्तर शांतपणे म्हणाले, "मी पीत नाही."

"मास्तर, तुम्ही गाढव आहात."

एरवी ते हसले असते. आज हसले नाहीत. नाती येणार आहेत, हरारेच्या बसने शुक्रवारी पोचतील, रुवा आणि चिएद्झा. शनिवारी सकाळी त्यांना घेऊन सरोवरापलीकडच्या मातुसादोनाच्या किनाऱ्याला जायचं ठरलंय, एवढं सांगून ते चालू लागले. मातुसादोनाच्या किनाऱ्यापुढेच बुडालेलं जंगल सगळ्यांत दाट आहे.

घरी बायकोने त्याच्यापुढे मक्याच्या पिठाचा साद्झा आणि तळलेले चिमुकले कापेंता मासे ठेवले. "मुतिन्ताच्या आई, कोरड्या टेबलावर मासे कसे दिसतील?" त्याने विचारलं. ती म्हणाली, तुमच्या शर्टाला माशांचा वास आहे, त्याच्यावर आले असतील. मग गंभीर होऊन म्हणाली, "ते दिसतात कसे हे नंतर बघा. पोरी जाणार आहेत ना बोटीत? आधी ते बघा."

शुक्रवारी दुपारी हेडमास्तर बसस्टँडवर बसची वाट बघत बसले होते. मकुतीमार्गे येणारी ही बस कधी वेळेवर येत नाही, म्हणजे दोन-तीन तास हाताशी होते. जायरोस धापा टाकत डोंगर चढला, साविराच्या हक्काने फाटक उघडलं आणि ट्रेलरवर उभ्या असलेल्या बोटीत जाऊन बसला. यंत्र परत जागेवर बसवलेलं होतं, पाठीला पुरचुंडी, कोपऱ्यात स्टिकर. त्याने बटण दाबलं.

मासे आले. खोली अकरा मीटर. खाली फरशी, फरशीखाली खडक, खडकाखाली अख्खा डोंगर, आणि यंत्र म्हणत होतं, अकरा मीटर पाणी.

त्याने मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवलं आणि बघत बसला. आधी दोन लहान मासे. मग पिल्लांचा ढग. मग सात मीटरवर एक मोठा. मग तळाला उंचवटा. मग तिघे एकापाठोपाठ एक. मग बराच वेळ काही नाही. मग आधी दोन लहान मासे, मग पिल्लांचा ढग, मग सात मीटरवर तोच मोठा. तीन मिनिटं चाळीस सेकंद. त्याने पुन्हा मोजलं. तीन चाळीस. आणखी एकदा. तीन चाळीस. कारिबातली बस कधी वेळेवर आली नाही, पण हा मासा येत होता.

मग त्याला उलगडलं, आणि उलगडल्यावर तो स्वतःवरच वैतागला. त्याने अशी शेकडो यंत्रं बसवली, पण कान न जोडता एकही कधी सुरू केलं नव्हतं. कशाला करील? आधी कान बसवायचा, मग बटण दाबायचं, ही त्याची शिस्त. आणि ती शिस्तच त्याच्या आड आली. यंत्राबरोबर येणारी पुस्तिका तर इकडे येईतो कुणाच्या ना कुणाच्या चुलीत गेलेली असते. स्टिकरची कड त्याने नखाने उचलली, खाली काय आहे ते बघितलं आणि पुन्हा चिकटवून ठेवली.

कान परत जोडून द्यावा आणि गुपचूप निघून जावं, असं त्याच्या मनात आलं. काम सोपं होतं. पण मग शनिवारी यंत्राने खरं सांगितलं असतं आणि त्याचं श्रेय पुरचुंडीला मिळालं असतं. तो तसाच उतरला.

शनिवारी सकाळी सात वाजता धक्क्यावर पुन्हा गर्दी होती. हेडमास्तरांची बोट पाण्यात उतरवलेली, शेजारी केताईची. दोन्ही नाती नारिंगी जॅकेट घालून फळीवर बसलेल्या, मोठी नऊ वर्षांची रुवा, धाकटी सहाची चिएद्झा. प्रॉफेट काठी उंचावून प्रवासाला आशीर्वाद देत होता. यंत्र सुरू होतं आणि लोक वाकवाकून मासे बघत होते.

जायरोस धक्क्याच्या कडेला आला, यंत्राकडे एक नजर टाकली, घड्याळात बघितलं आणि पडद्याकडे पाठ करून उभा राहिला.

"आता दोन लहान मासे येतील," तो म्हणाला.

दोन लहान मासे आले.

"पिल्लांचा ढग येईल. मग सात मीटरवर एक मोठा."

ढग आला. मोठा आला. तळाचा उंचवटा सांगितला, तो आला. तिघे सांगितले, ते तिघे आले. "आता बराच वेळ कुणी येणार नाही," तो म्हणाला, आणि खरंच कुणी आलं नाही.

पुढचं मात्र त्याने घड्याळात बघितलेलं नव्हतं. एक म्हातारी पुढे आली आणि त्याच्यासमोर गुडघे टेकून बसली. माझ्या धाकट्याला नोकरी कधी लागेल तेवढं बघ बाबा, असं म्हणू लागली. तिच्यामागे आणखी दोघी सरसावल्या. प्रॉफेटही पोचलेला माणूस. त्याने ताबडतोब काठी जायरोसच्या खांद्याला टेकवली आणि जाहीर केलं की आत्मा फिटरवरही उतरला आहे.

जायरोसला हसावं की रडावं कळेना. तीस वर्षं त्याने लोकांना खरं सांगितलं तेव्हा कुणी साधी खुर्ची दिली नव्हती. त्याने म्हातारीला दोन्ही हातांनी धरून उठवलं.

"आई, मला काही दिसत नाही. मी काल घड्याळ लावून हे पाठ केलंय. तुम्हीसुद्धा कराल." मग तो केताईकडे वळला. "तुझं यंत्र सुरू कर. मी म्हणेन तेव्हा. मास्तरांचंही बंद करून त्याच क्षणी सुरू करू."

"एका वेळी एकच," प्रॉफेट म्हणाला.

"का?" जायरोसने विचारलं.

प्रॉफेटने काठी ह्या हातातून त्या हातात घेतली. केताईचा हात बटणावर थबकला होता. तो प्रॉफेटकडे बघत होता, मग त्याने आपल्या नव्या, उधारीवर आणलेल्या पंख्याकडे बघितलं, आणि जायरोसने मास्तरांचं बटण दाबताच त्यानेही आपलं दाबलं. दोन्ही यंत्रं बरोबर उजळली. इकडे दोन लहान मासे, तिकडे दोन लहान मासे. इकडे ढग, तिकडे ढग. सात मीटरवरचा मोठा मासा एकाच वेळी दोन बोटींखालून गेला. गर्दीतून कुणीतरी हळूच म्हणालं की त्याला जुळा भाऊ असेल. पण त्या विनोदावर फारसं कुणी हसलं नाही.

मग जायरोसने कोपऱ्यातला स्टिकर ओढून काढला. प्रॉफेटच्या हसऱ्या चेहऱ्याखाली चार इंग्रजी अक्षरं होती, डेमो. दुकानात गिऱ्हाईकाला दाखवायला यंत्र बनवणाऱ्याने आत एक चित्र भरून ठेवलेलं असतं. दुकानात पाणी नसतं, म्हणून. ह्या यंत्राला कान जोडलेला नसला की ते समजतं, आपण दुकानात आहोत, आणि तेच चित्र पुन्हापुन्हा दाखवत बसतं. खोलीचा आकडाही चित्रातलाच. यंत्र प्रामाणिक होतं, कोपऱ्यात तसं लिहूनही ठेवत होतं. स्टिकर नेमका त्याच्यावर लागत होता.

खरं काम कसं चालतं तेही त्याने सांगितलं. कान खाली आवाज सोडतो, आवाज तळावर आपटून परत येतो, यायला किती वेळ लागला त्यावरून खोली कळते. डोंगरात हाक मारल्यासारखं. हाक मारलीच नाही, तर उत्तर कुठून येणार?

खिशातून त्याने गाठी मारलेली दोरी काढली. टोकाला शिशाचा गोळा, दर मीटरला एक गाठ. हेडमास्तरांच्या बोटीशेजारी ती सोडली. दोन गाठी भिजल्या आणि दोरी सैल पडली. पडद्यावर अकरा मीटर होते.

प्रॉफेट अजून हरला नव्हता. "दोरी देहाचं पाणी मोजते," तो म्हणाला. "यंत्र आत्म्याचं पाणी मोजतं."

"मास्तर," जायरोस हेडमास्तरांना म्हणाला, "तुमचा पंखा कुठल्या पाण्यात फिरणार आहे? आणि ह्या पोरी कुठल्या पाण्यात पडतील? चौतीस वर्षं गणित शिकवलंत. अकरा आणि दोन ह्यांतला फरक मी तुम्हाला शिकवायचा का, गाढवा?"

हेडमास्तर इतका वेळ सुकाणूपाशी मान खाली घालून उभे होते. त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा रागाचा नव्हता, थकलेला होता.

"मला माहीत होतं," ते म्हणाले. "गुरुवारी रात्री बोट ट्रेलरवर असताना मी यंत्र लावून बघितलं. डोंगरावर अकरा मीटर. मी बंद केलं आणि झोपलो."

"मग?"

"मग काय? फेलिस्तस गेली तेव्हा ह्या माणसाची मंडळी नऊ दिवस माझ्या अंगणात बसली. स्वयंपाक केला, भांडी घासली, गाणी म्हटली. मला एकटं सोडलं नाही. ह्यानेच पाठवली होती त्यांना. त्याला मी कुठल्या तोंडाने म्हणू, तुझा आकडा चुकतोय?" ते थांबले. "साविराने कबरीचा खड्डा खणायचा असतो, मुदेंदा. रडणाऱ्यांना हसवायचं असतं. गेलेल्या माणसाची नक्कल करायची असते. तू नुसता मेसेज पाठवलास."

जायरोसने दोरीतलं पाणी निपटलं.

"मी लांब बिंगा गावाला होतो," जायरोस म्हणाला. "तेव्हाच एक जोराचा पाऊस झाला, रस्ता बंद होता."

"हो. तू तसं लिहिलं होतंस."

हेडमास्तर खाली बसले आणि त्यांनी यंत्राच्या पाठीची पुरचुंडी सोडली. आतून खडा निघाला. यार्डाच्या रस्त्यावरची खडी होती ती, एका बाजूला डांबर लागलेलं. त्यांनी तो प्रॉफेटच्या हातावर ठेवला. "तुमच्या मंडळींचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी विसरणार नाही," ते त्याला म्हणाले. "पण त्यांची भरपाई मी नातींच्या जिवाने करू शकत नाही." मग जायरोसला म्हणाले, "कान जोड."

जायरोसने वायर खोचली. पडदा क्षणभर काळा झाला, मग उजळला. दोन पूर्णांक एक मीटर. मासा एकही नाही. नुसतं रिकामं पाणी आणि खाली चिखल. मागून कुणीतरी निराश होऊन च् च् केलं. माणसाला रिकामं खरं फार बेचव लागतं.

प्रॉफेटने ह्या गावात श्रद्धा उरली नाही असं जाहीर केलं आणि तो टेबल उचलायला माणसं शोधू लागला. त्याला माणसं मिळाली, हेही सांगायला हवं. केताईने स्टिकर काढला. आणखी तिघांनी काढले. दोघांनी नाही काढले. असू द्या, असलेला काय वाईट, असं त्यांचं म्हणणं. म्हातारी दुसऱ्या दिवशी पुन्हा मुलाच्या नोकरीसाठी जायरोसच्या शेडवर आली. त्याने तिला चहा दिला आणि अर्ज लिहून दिला.

पण ते दुसऱ्या दिवशी. शनिवारी हेडमास्तरांनी इंजिन सुरू केलं आणि दोरी गुंडाळत असलेल्या जायरोसकडे न बघता म्हणाले, "बस. जागा आहे."

तास-सव्वा तास बोट चालत राहिली. चिएद्झा झोपून गेली. मातुसादोनाचे डोंगर जवळ आले तसा पडद्यावरचा आकडा उतरू लागला. चौदा, नऊ, सहा. हेडमास्तरांनी वेग कमी केला. तीन. एक पूर्णांक सहा. त्यांनी इंजिन बंद केलं. बोट आपल्याच ओढीने हळूहळू पुढे सरकली आणि तिच्या डाव्या अंगाने, पाण्याखाली हातभर खोलीवर, एक काळं खोड गेलं. माणसाच्या कमरेएवढं जाड, टोकाला फाटलेलं. त्याच्यामागे दुसरं होतं. पुढे नजर जाईल तिथवर होती.

रुवा कडेला वाकून बघत होती. "आजोबा, आपण जोरात आलो असतो तर?"

"फुटलो असतो," हेडमास्तर म्हणाले. मग ते म्हणाले, "रुवा, मी शाळेत पोरांना एकच गोष्ट सांगत आलो. उत्तर चुकलं तरी चालेल, पण विचारा. आणि मीच विचारलं नाही. लाज वाटली, उपकाराखाली दबलो, म्हणून. तू तसं करू नकोस. कुणी कितीही मोठा असो, कितीही मायेचा असो, त्याला विचार, तुला कसं कळलं, आणि मोजून बघ. खरा असेल तर तो रागावणार नाही. रागावला, तर त्याच्या नावेत बसू नकोस. मलाही विचार. ह्या मुदेंदा आजोबांनाही विचार."

रुवाने ते ऐकून घेतलं. मग वळून जायरोसकडे बघितलं. पोरीचा स्वर चौकशीचा होता, दुसरा कसलाच नव्हता.

"मुदेंदा आजोबा, रस्ता किती दिवस बंद होता?"

इंजिन बंद होतं. पाणी बोटीच्या कडेला लागल्याचा आवाज येत होता. हेडमास्तर समोर झाडांकडे बघत राहिले.

"दोन दिवस," जायरोस म्हणाला. "तिसऱ्या दिवशी उघडला होता. मला तुझ्या आजीला तसं बघायचं नव्हतं, म्हणून मी आलो नाही."